फुकटचं लोखंड: एका खाणकामाचा हिशोब

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. रात्री साडेदहाला भाच्यानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "मामा, बघा. दोन लाख बारा हजार आठशे. अन् खर्च एक रुपया नाही."

फोनवर एक बुटका माणूस भट्टीसमोर उभा होता. पैसे अर्थातच खेळातले होते. पण "खर्च एक रुपया नाही" हे त्याचं बोलणं माझ्या कानात अडकलं. परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी बावीस वर्षं मुनीम आहे. पट्टी हातात घेऊन, "घरचंच बी होतं, घरचीच माणसं राबली, खर्च असा काही नाहीच" असं म्हणणारा शेतकरी मी रोज बघतो. म्हणून भाच्याला म्हणालो, "वही आण. कशातनं किती आले, ते सांग."

त्या रात्री सुरू झालेला हिशोब जानेवारी संपेपर्यंत चालला. तो इथं सगळा मांडतोय, कारण ऑनलाइन खेळात माल गोळा करून सोनं कमवणारी पोरं आता आपल्याकडंही पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचा हिशोब भाच्याच्याच जागी चुकतो. भाव त्या दिवसांचे आहेत, आज ते वेगळे असतील. मांडणी मात्र तीच राहील.

खेळ आणि त्यातला मोंढा

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. मूळ रूनस्केप २००१ मध्ये इंग्लंडातल्या गोवर बंधूंनी सुरू केला. पुढं तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी जुनाच परत मागितला. कंपनीकडं ऑगस्ट २००७ ची एक प्रत जपलेली होती, ती काढून फेब्रुवारी २०१३ मध्ये हा 'ओल्ड स्कूल' चालू केला. ऑक्टोबर २०१८ पासून तो फोनवरही आला. भाच्याकडं कॉम्प्युटर नाही, साधा फोन आहे. या खेळात सगळं ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्याला ते 'टिक' म्हणतात. त्यामुळं नेट थोडं रखडलं तरी खाणकाम थांबत नाही. लाईट गेली तरी फोन चालतो. गावाकडं गेल्यावरही पोरगं खेळू शकतं, ते याच्यामुळं.

फुकट खेळणाऱ्याला थोडाच मुलूख मोकळा असतो. बाकीच्यासाठी मेंबरशिप लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये खेळात 'सेलिंग' नावाचं नवं कौशल्य आलं. जहाज बांधायचं, समुद्रावर जायचं. ते सगळं मेंबरांसाठी. भाच्याला ते जहाज हवं होतं. मेंबरशिप रुपये देऊन मिळते, किंवा खेळातल्या सोन्यानं 'बाँड' विकत घेऊन. एक बाँड म्हणजे चौदा दिवस. त्या दिवसांत बाँडचा भाव सव्वा कोटी सोन्याच्या पुढं होता. भाच्यानं ठरवलं, खाणीत राबून सव्वा कोटी जमवायचे.

खेळातल्या बाजाराचं नाव ग्रँड एक्स्चेंज. मला तो दोन दिवसांत समजला. विकणारा माल आणि भाव टाकतो, घेणारा आपला भाव टाकतो, जुळलं की सौदा होतो. आपण कमी भाव टाकला आणि समोर जास्त भावाची मागणी आधीच बसलेली असली, तर पैसे त्या जास्तीच्या भावानं मिळतात. माल सगळा एकसारखा, त्यात ओलावा नाही, माती नाही, कटती नाही. मोंढ्यात निम्मी भांडणं याच तीन गोष्टींवरनं होतात, म्हणून मला त्या बाजाराचा हेवाच वाटला. फुकट खेळणाऱ्याला तिथं एका वेळी तीनच सौदे टाकता येतात. मेंबरांना आठ. अगदी नवख्याला लोखंड-कोळशासारखा माल विकायची मुभाच नसते, आधी १० क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट म्हणजे खेळातली मोहीम, ती पुरी केली की मिळणारे गुण) आणि सगळ्या कौशल्यांची मिळून १०० टोटल लेव्हल करावी लागते. ते भाच्यानं आधीच उरकलं होतं.

विक्रीवर कर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये एक टक्का लावला, मे २०२५ मध्ये तो दोन टक्के केला. तो नगावर बसतो आणि अपूर्णांक सोडून देतात. म्हणजे ९५ सोन्याच्या नगावर १.९ येतो, कापतात १. हाती ९४. त्यामुळं ५० च्या खालच्या मालाला करच लागत नाही. कराचं हे सोनं बाजारातनं नाहीसं होतं, काही सोन्यातनं कंपनी खेळातल्याच वस्तू विकत घेऊन नष्ट करते, नाहीतर सोनं साचून त्याची किंमत उतरत जाईल. हे ऐकल्यावर मला त्या खेळाबद्दल आदर वाटला.

पहिला हिशोब: लोखंड

भाचा अल खरीद नावाच्या वाळवंटी गावात खणायचा. नावातच खरीद आहे, म्हणून मला ते गाव लगेच लक्षात राहिलं. खाणीत एका जागी उभं राहून लोखंडाच्या तीन खडकांना हात लावता येतो. आजूबाजूला मोठाले विंचू फिरत असतात. गावात बँक आहे आणि बँकेजवळ भट्टी. भाच्याची खाणकामाची लेव्हल सुरुवातीला ४३ होती. पिशवीत अठ्ठावीस खण. अठ्ठावीस लोखंडं झाली की बँकेत टाकायची आणि परत यायचं. ताशी साधारण २०० नग निघायचे.

चौदा तासांत त्यानं २,८१२ नग कच्चं लोखंड काढलं आणि सगळं भट्टीत घातलं. कच्च्या लोखंडाचा भाव ९५ होता, ते वितळवून केलेल्या लोखंडी बारचा, म्हणजे कांबीचा, १५५. "साठ रुपये नगाला वाढले ना मामा," तो म्हणाला.

मी विचारलं, "२,८१२ घातले तर बार किती निघाले?"

"चौदाशे."

"बाकीचे कुठं गेले?"

"भट्टीत जळतात की. निम्मेच पिकतात."

हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं ते मोजलं नव्हतं. या खेळात लोखंड वितळवताना साध्या भट्टीत निम्मा माल वाया जातो, नगागणिक शक्यता पन्नास टक्के. एक बार म्हणजे दोन नग कच्चा माल. दोन नग तसेच विकले असते तर कर जाऊन १८८ हाती आले असते. बारचे १५५ मधनं ३ कर जाऊन १५२ आले. म्हणजे बारमागं ३६ चा तोटा.

वहीवर मी दोन ओळी लिहिल्या. कच्चं विकलं असतं तर २,८१२ गुणिले ९४, म्हणजे २,६४,३२८. बार विकून आले २,१२,८००. फरक ५१,५२८.

पोरगं बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "पण मामा, लोखंड तर मी फुकट काढलं होतं."

त्याच्या मनात हिशोब असा होता: कच्चं लोखंड शून्य रुपयाचं, म्हणून बारचे सगळेच्या सगळे १५२ नफा. पण ज्या घटकेला ते लोखंड त्याच्या पिशवीत पडलं, त्या घटकेला ते ९४ सोन्याचं झालं होतं, कारण बाजारात ते घेणारा माणूस उभा होता. भट्टीत दोन नग घालताना तो १८८ घालत होता आणि १५२ काढत होता. विकत घेतलेलं असतं तर त्यानं हे पहिल्याच खेपेला ओळखलं असतं. पदरचे पैसे गेले की माणूस जागा होतो, पदरचे तास गेले तर होत नाही.

तासही मांडले. एक नग भट्टीत तीन सेकंद घेतो. अठ्ठावीस नगांची खेप चौऱ्याऐंशी सेकंदांची, वर बँकेत जाऊन-येऊन अर्धा मिनिट. अशा शंभराच्या वर खेपा. सव्वातीन तास नुसते भट्टीपुढं. तेवढ्यात तो आणखी ६५० नग खणू शकला असता, त्याचे ६१,१००. सगळं धरून त्या "फुकटच्या" लोखंडात एक लाख बारा हजार सहाशे बुडाले होते.

एक बाजू मात्र त्याची खरी होती. बार करताना लोहारकामाची लेव्हल वाढते. बारमागं साडेबारा एक्सपी (अनुभवाचे गुण), म्हणजे चौदाशे बारांचे १७,५००. त्याची लेव्हल १५ होती, ती ३३ झाली. आणि पोलादी बार करायला ३० लागते. तेव्हा हा सगळा तोटा नव्हे, शाळेची फी होती, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. तो तोट्याचा आकडा मी खोडणार इतक्यात त्याच्याच एका मित्रानं सांगितलं की 'द नाईट्स स्वोर्ड' नावाचं क्वेस्ट फुकट खेळणाऱ्यांनाही आहे आणि ते पुरं केलं की लोहारकामाचे १२,७२५ एक्सपी एका दमात मिळतात. लेव्हल १ च्या माणसाला ते थेट २९ वर नेतं. भाचा १५ वर होता, तो ३१ वर गेला असता.

त्यानं त्याच आठवड्यात ते क्वेस्ट केलं. फॅलेडोरच्या किल्ल्यातल्या एका सेवकानं आपल्या सरदाराची तलवार हरवलेली असते. बुटक्या लोहाराला लाल बोरांचा 'रेडबेरी पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ खायला घालून राजी करायचं आणि बर्फाच्या गुहेतनं राक्षसांना चुकवून निळसर धातू आणायचा. एकदा मेला, दुसऱ्यांदा जमलं. या सगळ्या कामाला लोखंडी बार लागतात दोन. दोन! तो आकडा भाच्यानं वहीत स्वतःच्या हातानं लिहिला आणि त्याच्याखाली चौदाशे लिहिले.

कोळसा

लोखंडातनं सुटल्यावर त्यानं पोलाद धरलं. पोलादी बारला एक लोखंड आणि दोन कोळसे लागतात. यात काही जळत नाही. त्या दिवसांत कोळसा १५०, पोलादी बार ४४०, कर ८, हाती ४३२. कोळसा तो स्वतः खणत होता. ताशी ऐंशीच्या आसपास. नऊ तासांत ७२० नग काढले, घरचे ३६० नग लोखंड घातलं आणि ३६० बार केले. १,५५,५२० आले. पुन्हा "खर्च नाही".

या वेळी तोटा नव्हता. तोच माल कच्चा विकला असता तर कोळशाचे १,०५,८४० आणि लोखंडाचे ३३,८४०, मिळून १,३९,६८०. पोलाद करून १५,८४० जास्त मिळाले. चाळीस खेपा, जवळजवळ अडतीस मिनिटं. तेवढ्या वेळात लोखंड खणून बारा हजाराच्या आसपास झाले असते, तेव्हा खरा फायदा साडेतीन-चार हजारांचा. थोडा, पण फायदाच. मी त्याला शाबासकी दिली आणि मगच कोळशाकडं वळलो.

ताशी ८० कोळसे, कर जाऊन नगाला १४७, म्हणजे तासाला ११,७६०. ताशी २०० लोखंडं, नगाला ९४, म्हणजे १८,८००. कोळशाचा भाव नगाला जास्त आहे म्हणून भाचा कोळसा खणत बसला होता. कोळशाच्या खडकाला पुन्हा भरायला वेळ लागतो आणि एक नग निघायलाही वेळ लागतो. दर तासाला त्याचे ७,०४० जात होते. नऊ तासांचे ६३,३६०.

त्याला पोलादच करायचं होतं तर लोखंड खणून विकायचं आणि त्या पैशातनं कोळसा विकत घ्यायचा. "विकत?" तो म्हणाला, "जवळ खाण असताना विकत?" हा प्रश्न मला कळतो. आमच्याकडंही घरच्या बैलाचं शेण असताना पोत्यातलं खत आणलं की म्हातारी माणसं नाराज होतात. पण शेण घरात पडून असतं. कोळसा पडून नव्हता, त्याला नऊ तास द्यावे लागले. नऊ तासांत त्याच हातांनी १,८०० लोखंडं निघाली असती, त्यांचे १,६९,२०० आले असते आणि त्यातनं हजाराच्या वर कोळसा आला असता, ७२० नव्हे. मी हे कागदावर तीन वेळा मांडलं, तेव्हा ते त्याच्या मनात उतरलं. एक्सपीनंही तेच सांगितलं. कोळशाला नगामागं ५० आणि लोखंडाला ३५ एक्सपी मिळतात खरं, पण तासाला कोळशाचे ४,००० आणि लोखंडाचे ७,०००.

कुदळ

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, म्हणून ती जवळनं सांगतो.

एका रविवारी दुपारी मी त्याच्याशेजारी बसून तो खणताना बघत होतो. बुटका कुदळ उचलतो, मारतो, उचलतो, मारतो. मी सहज विचारलं, "कुदळ कसली आहे?"

"स्टीलची."

"यापेक्षा चांगली येते का?"

"येते की. मिथ्रिल, ॲडमंट, रून."

"तुला चालेल का ती?"

रून कुदळीला खाणकामाची लेव्हल ४१ लागते. भाचा लोखंड काढायला लागला तेव्हाच ४३ वर होता. गेल्या कितीतरी तासांपासून तो ती वापरू शकत होता. "एकोणीस हजारांची आहे मामा. बाँडचे पैसे मोडायचे नव्हते."

स्टीलची कुदळ सहा टिकांना एक घाव घालते, म्हणजे ३.६ सेकंदांना. मिथ्रिलची पाच, ॲडमंटची चार आणि रूनची तीन टिकांना, १.८ सेकंदांना एक. घाव दुप्पट होतात. माल दुप्पट होत नाही, कारण खडकही भरावा लागतो. रून कुदळ हातात धरायला हल्ल्याची लेव्हल ४० लागते, ती याच्याकडं नव्हती, म्हणून कुदळ पिशवीत ठेवावी लागणार होती. म्हणजे अठ्ठावीसपैकी एक खण गेला, खेपेला सत्तावीसच. हे सगळं धरूनही दुसऱ्या दिवशी मोजलं तर ताशी ३४० लोखंडं निघाली. १४० जास्त. १४० गुणिले ९४, तासाला १३,१६० जास्त. एकोणीस हजारांची कुदळ दीड तासात फिटली.

आणि त्याआधीचे सगळे तास, लोखंडाचे चौदा अन् कोळशाचे नऊ, यानं पैसे वाचवले म्हणून स्टीलच्या कुदळीनं खणले होते.

मी त्याला रागावलो नाही. दुकानावर मी असे शेतकरी पाहिलेत की ज्यांनी बियाण्याच्या पिशवीत हात आखडला आणि तणनाशकात आखडला, त्याच हंगामात लग्नातल्या जेवणावळीला नाही आखडला. ज्या पैशाला आपण 'जमवलेला' म्हणतो तो हलवायला हात धजत नाही. भाच्याचं वय अठरा. हे त्याला एकोणीस हजार खोट्या सोन्यावर कळलं, याचं मला मनापासून बरं वाटतं.

भाव धरून बसणं

तीनशेसाठ पोलादी बार त्यानं ५२० ला लावून ठेवले होते, कारण एकदा कधीतरी ५२० झालेलं त्यानं पाहिलं होतं. चार दिवस एकही नग गेला नाही. तीन जागांपैकी एक अडकली. बाकी दोनांत लोखंड विकायचं आणि क्वेस्टचं सामान घ्यायचं, अशी ओढाताण सुरू झाली.

मी त्याला २०२१ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढं गेलं. ऑगस्टात केंद्रानं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आणि नवा माल येईपर्यंत भाव खाली आला. त्यानंतर कित्येक जणांनी "दहा हजार परत येतील" म्हणून थप्प्या लावून ठेवल्या. काहींच्या थप्प्या दोन-दोन वर्षं राहिल्या. पोत्यातला माल उंदीर खातात, वजन घटतं, वर कर्जाचं व्याज चढतं. खेळात उंदीर नाहीत आणि व्याजही नाही, पण जागा तीनच आहेत. अडकलेली जागा हेच त्याचं व्याज.

या खेळाचे घडीघडीचे भाव खेळाडूंच्या विकीवर, म्हणजे त्यांनीच लिहिलेल्या माहितीच्या साइटवर, दिसतात. रूनलाइट नावाचा प्रोग्राम वापरणाऱ्या खेळाडूंच्या खऱ्या सौद्यांवरनं ते गोळा होतात. तिथं दोन भाव असतात, चटकन घेणाऱ्याचा आणि चटकन विकणाऱ्याचा. भाच्याला मी सांगितलं, दोन्हींच्या मधे लाव आणि झोप. त्यानं ४४० लावले, सकाळी उठेपर्यंत सगळे गेले होते. वर हिशोबात जे ४३२ धरलेत, ते हेच.

लोखंड-कोळशाचे भाव इतके खाली का, हेही त्यानं विचारलं. सोपं आहे. जे काम कुणालाही पहिल्या आठवड्यात करता येतं, त्याला भाव मिळत नाही. त्यात बॉट आहेत, माणसाऐवजी प्रोग्राम रात्रंदिवस खणतो. कंपनी त्यांची खाती बंद करत राहते, नवी उघडत राहतात. भाच्याला हे अन्यायाचं वाटलं आणि मलाही वाटतं.

सव्वा कोटी

आता मूळ प्रश्न. रून कुदळ, कच्ची विक्री, ताशी ३१,९६०. सव्वा कोटीला किती तास? त्यानं स्वतः भागाकार केला. ३९१. रोज तीन तास धरले तर एकशेतीस दिवस. त्यातनं मिळणार चौदा दिवस.

तो हिरमुसला. लढाईतनं जास्त मिळतं, कॉर्सेअर कोव्हच्या गुहेतल्या ऑग्रेस नावाच्या राक्षसिणींना लांबनं मारलं तर फुकट खेळणाऱ्यालाही खाणीपेक्षा कितीतरी पटीनं सुटतं, असं त्याला मित्रांनी सांगितलं होतं. ते खरं आहे, पण त्यालाही आधी लढाईची तयारी लागते आणि तिचे तास वेगळे.

याच सुमारास कॉलेजातल्या कुणाच्या तरी ओळखीचा एक जण त्याला सोनं रुपयांत विकत घेतो म्हणाला. मी स्पष्ट नको म्हणालो. खेळातलं सोनं खऱ्या पैशात घेणं-देणं कंपनीच्या नियमात बसत नाही, खातं बंद होतं. व्हेनेझुएलात चलन कोसळलं त्या वर्षांत तिथली माणसं याच खेळात हिरवे ड्रॅगन मारून सोनं विकत आणि त्यावर घर चालवत. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना पर्याय नव्हता. माझ्या घरात राहणाऱ्या पोराला आहे.

तो पर्याय आम्ही जानेवारीत काढला. मोंढ्यात तुरीची आवक सुरू झाली की काट्यावर वजनं लिहायला माणूस कमी पडतो. भाचा काही रविवार आला. पहिल्या दिवशी त्याचं अक्षर हमालांना लागेना, दुसऱ्या दिवसापासून लागलं. मालकानं जी मजुरी दिली, तीत मेंबरशिपचा महिना निघाला आणि काही उरलं. खाण त्यानं सोडली नाही. कॉलेजातनं आल्यावर अर्धा तास खणतो. "आता सोन्यासाठी नाही मामा, बरं वाटतं म्हणून," असं सांगतो. मी त्याला अडवत नाही. तीन खडक, विंचू, टिकटिक, डोकं शांत होत असेल. जहाजाचं नाव त्यानं मला दाखवलं, ते इथं सांगत नाही.

वहीचं पुढचं पान

वहीत मात्र एक रकाना नवा आला होता: 'तास'. प्रत्येक ओळीपुढं माल, भाव, कर आणि तास.

जानेवारीच्या शेवटी आम्ही गावाकडं गेलो. दाजींना गेल्या खरिपाचा हिशोब मांडायचा होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात होतं, निघालं ते डागी निघालं. हमीभाव ५,३२८, पण आमच्या दाण्याला त्याच्या कितीतरी खाली पट्टी मिळाली होती. मी सांगत होतो, भाचा लिहीत होता. बी, खत, फवारणी, मजूर, मळणीयंत्र, गाडीभाडं. बेरीज झाली. दाजी म्हणाले, "म्हणजे थोडंफार सुटलं."

भाच्यानं पेन ठेवलं नाही. "आईचे दिवस कुठंयत?"

हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्च तीन तऱ्हांनी मोजतो. 'ए-टू' म्हणजे पदरचा रोख खर्च. 'ए-टू अधिक एफएल' म्हणजे त्यात घरच्या माणसांची मजुरी. 'सी-टू' म्हणजे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात सरकारनं दीडपट हमीभाव जाहीर केला तो दुसऱ्यावर, शेतकरी संघटना मागतात तो तिसऱ्यावर. आमच्या घरातली वही मात्र आजवर पहिल्यावरच थांबत आली. मी मुनीम असून मीच ती तशी मांडत आलो.

"माझे कशाला? घरचंच हाय," आक्का चुलीपुढनं म्हणाली.

"सांग तर."

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. पेरणीच्या मागं दोन दिवस. नागपंचमीच्या आधी खुरपणीचे अकरा. मग पोळ्यापर्यंत चार. फवारणीला पाणी वाहिलं ते तीन. काढणीचे सहा. भाचा लिहीत होता, दाजी गप्प होते. मग ती थांबली.

"अन् पाण्यातनं ढिगारे काढून ताडपत्रीवर वाळवायला घातले, परत पाऊस आला, परत काढले. ते आठ-नऊ दिवस. त्यातला माल तर सगळा सडला. ते कुठं मांडायचे?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय आठवलं असेल ते मला कळलं, चौदाशे पिकलेले आणि चौदाशे जळालेले.

"मांड," मी म्हणालो.

त्यानं नऊ लिहिले. आक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "रात्री झाकायला उठत होते, ते धरलं नाही अजून."